फेसलिफ्ट बघायला जाताना मोजायची टेप सोबत न्या

रोज गाडी चालवणाऱ्यांना आपल्या फॅमिली एसयूव्हीच्या नव्या मॉडेलमध्ये काय हवं असतं, ते ऐकलं तर यादी फारशी दिमाखदार नसते. एसीचं बटण न बघता हाताला लागावं. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला दोन तास बसवावं. सात जण बसल्यावरही डिकीत दोन बॅगा मावाव्यात. रात्री घाटात वळण दिसावं आणि भरलेली गाडी स्पीडब्रेकरला घासू नये. कंपन्या मात्र फेसलिफ्ट (तीच गाडी नव्या रूपात आणणं) करताना आधी हात घालतात तो ग्रिलला, पुढच्या एलईडी पट्टीला आणि स्क्रीनच्या इंचांना. तिथे खर्च कमी येतो आणि फोटोत फरक जास्त दिसतो. म्हणून शोरूममध्ये कुठे बघायचं हे आधी ठरवून जावं. सोबत टेप, नेहमीची ट्रॉली बॅग आणि घरातली सगळ्यात बुटकी व सगळ्यात उंच अशी दोन माणसं न्यावीत. मूल लहान असेल तर त्याची चाइल्ड सीटही न्या.

आधी घरी: दोन ब्रोशर शेजारी ठेवा

फेसलिफ्टमध्ये गाडीचा सांगाडा, दरवाजे आणि छप्पर बहुधा तेच असतं. पिढी बदलते तेव्हा हे सगळं नव्याने घडतं. फरक ओळखायला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर बघा. ह्युंदाई क्रेटाचं जानेवारी २०२४ मधलं फेसलिफ्ट घ्या. लांबी ४३०० वरून ४३३० मिमी झाली, व्हीलबेस २६१० मिमीच राहिला. वाढलेले ३० मिमी बाहेरच्या बाहेर गेले, मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना त्यातलं काही मिळालं नाही. टाटा सफारीचंही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये लांबी ४६६१ वरून ४६६८ झाली आणि व्हीलबेस २७४१ वर कायम. जुन्या सफारीत ज्याचे गुडघे तिसऱ्या रांगेत अडत होते, त्याने नवीकडून जास्त जागेची अपेक्षा ठेवू नये.

पण त्याच सफारीत हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं, आणि आमच्या मते त्या फेसलिफ्टमधला सगळ्यात कामाचा बदल तो. गर्दीत, पार्किंगमध्ये चाक हलकं फिरतं. शिवाय गाडीला लेनमध्ये धरून ठेवणारी सोय द्यायची तर चाक स्वतः वळवू शकणारी मोटर लागतेच. असे न दिसणारे बदल ब्रोशरमधल्या बारीक अक्षरांच्या तक्त्यात सापडतात: स्टिअरिंगचा प्रकार, मागे डिस्क ब्रेक की ड्रम, टायरचा आकार, गिअरबॉक्स, स्टेपनीचा आकार. तक्ता व्हेरिएंटनुसार वाचा आणि जुन्या ब्रोशरमध्ये असलेली पण नव्यात नसलेली प्रत्येक ओळ अधोरेखित करा. नवं काय दिलं ते सेल्समन सांगेलच. काढून काय घेतलं ते तुम्हालाच शोधावं लागतं.

ड्रायव्हरची सीट आणि बटणं

पाठ पूर्ण टेकवून बसा, ब्रेक तळापर्यंत दाबा; गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यामधलं अंतर किमान २५ सेंमी असावं, कारण एअरबॅग तिथूनच उघडते. बुटक्या चालकाची अडचण इथेच होते: पेडल गाठायला सीट पुढे घ्यावी तर हे अंतर कमी पडतं. स्टिअरिंग फक्त वरखाली होतं की मागेपुढेही होतं, हे म्हणूनच विचारायचं. मग त्याच माणसाला बोनेटची कड दिसते का, डावीकडच्या आरशाआड दुचाकी लपते का, ते बघा.

आता बटणं. इंजिन चालू, गाडी उभी, नजर समोर. सोबतच्या माणसाने एकेक काम सांगायचं: तापमान दोन अंश कमी, पंखा एक पायरी जास्त, समोरच्या काचेचं धुकं घालवा, आवाज बंद, चारही इंडिकेटर लावा. दोन कामांसाठीही नजर स्क्रीनकडे वळली तर ती मांडणी रोजच्या वापराची नाही. ताशी ८० किमीला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनवर घालवले की ४४ मीटर रस्ता न बघता पार झाला. गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न आणि वायपर यांच्यासाठी खरी बटणं किंवा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत, ते याच कारणाने.

आपल्याकडे कसोटीचा काळ पावसाळा. सात माणसांच्या श्वासाने काच अर्ध्या मिनिटात धुरकटते आणि तेव्हा लागतं ते धुकं घालवायचं बटण. ते स्क्रीनच्या दुसऱ्या पानात दडलेलं असेल तर व्यवहारात नसल्यासारखंच. स्पर्शाने चालणाऱ्या काळ्या चकचकीत पट्ट्या ओल्या बोटांना नीट दाद देत नाहीत, आणि दुपारी त्यांच्यावर उजेड इतका चमकतो की खुणा दिसत नाहीत. शक्य असेल तर गाडी उन्हात काढून बघा. शोरूमच्या मंद दिव्यांत सगळंच छान दिसतं.

तिसरी रांग: पुढून मागे बसत जा

इथे क्रम चुकला की तपासणी वाया जाते. आधी चालकाने आपली सीट लावून घ्यायची. त्याच्यामागे दुसऱ्या रांगेत मोठ्या माणसाने बसून, दोन्ही गुडघ्यांपुढे मूठभर जागा उरेल अशी सीट सरकवायची. मगच तिसऱ्या रांगेत जायचं. थेट मागे जाऊन बसलात तर दुसरी रांग पुढे ढकललेली असते आणि जागा खोटी वाटते. मागे बसल्यावर मांडी सीटला टेकते का ते बघा. मजला उंच आणि सीट ठेंगणी असली की गुडघे छातीशी येतात, सगळं वजन कमरेवर पडतं आणि पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत माणूस अवघडून जातो. एसीचा झोत, हेडरेस्ट आणि चार्जिंगची जागा या गोष्टी लगेच दिसतात. पाठीच्या आणि डिकीच्या दरवाजामधलं अंतर मात्र टेपने मोजा. भारत एनकॅप या आपल्याकडच्या सुरक्षा चाचणीत समोरून आणि बाजूने धडक देतात, मागून देत नाहीत. तेव्हा पाच स्टार असले तरी तिसऱ्या रांगेला मागून बसणाऱ्या ठोकरीबद्दल ते काही सांगत नाहीत.

चाइल्ड सीट बसवून बघण्याचं कारण वेगळंच आहे. अनेक गाड्यांत तिसऱ्या रांगेत जायला डावीकडची मधली सीट पुढे कलंडते. त्याच सीटवर आयसोफिक्सने, म्हणजे सीटमधल्या पक्क्या कड्यांना अडकवून, चाइल्ड सीट जखडली की ती कलंडत नाही आणि मागची वाट बंद होते. उजव्या बाजूला जखडा, किंवा मध्ये चालत जाता येईल अशा दोन सुट्या, म्हणजे कॅप्टन सीटचं व्हेरिएंट घ्या. कॅप्टन सीट घेतली की एक माणूस कमी बसतो, हे घरी बोलून ठेवा.

डिकीचे लिटर वाचू नका. ते कुठे छपरापर्यंत मोजलेले असतात, कुठे खिडकीच्या कडेपर्यंत. तिसरी रांग उभी ठेवून दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी आणि सीटच्या पाठीपासून दरवाजापर्यंतची खोली तळाशी व वर अशी दोनदा मोजा, कारण पाठ कललेली असते. मग बॅग आडवी ठेवून दरवाजा लावून बघा. आपल्या बाजारातल्या बहुतेक तीन रांगांच्या एसयूव्हीत इथे एक उभी बॅग आणि दोन पिशव्या, एवढंच मावतं. त्याहून जास्त सामान दर वेळी असेल तर एमपीव्ही, म्हणजे व्हॅनसारखी लांब प्रवासी गाडी, बघितलेली बरी.

स्टेपनी आणि टायर

मोठ्या एसयूव्हीत स्टेपनी बहुधा गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. ती खाली सोडायचा बोल्ट कुठे आहे ते विचारा. तो डिकीच्या तळाशी असेल तर भर पावसात सगळं सामान रस्त्यावर काढावं लागेल. स्टेपनी मुख्य चाकांहून लहान असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किमी. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभाही २०२० च्या नियमबदलाने कंपन्यांना आहे. त्यामुळे डिकीचा तळ उचलून डोळ्यांनी खात्री करा.

फेसलिफ्टबरोबर चाकं मोठी करायची फॅशन आहे आणि चालकांची तक्रार नेमकी तिथेच असते. २३५/६५ आर १७ टायरची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची, सुमारे १५३ मिमी भरते, २३५/६० आर १८ ची १४१ आणि २४५/५५ आर १९ ची १३५. भिंत जितकी ठेंगणी, तितका खड्ड्याचा धक्का थेट रिमला. मग रिम वाकतं किंवा टायरला फुगा येतो. खराब रस्त्यांवर रोजचं जाणं असेल तर महागड्या व्हेरिएंटपेक्षा एक पायरी खालचं, लहान चाकांचं व्हेरिएंट आम्ही डोळे झाकून सुचवू.

टेस्ट ड्राइव्ह भरल्या गाडीने आणि संध्याकाळी

एकट्याने रिकामी गाडी पळवून काही कळत नाही. सहा-सात माणसं आणि सामान मिळून साडेचारशे-पाचशे किलो सहज होतात. त्या वजनाने मागचं सस्पेन्शन दबतं, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांमधलं अंतर) ब्रोशरमधल्या आकड्याहून कमी होतो. म्हणून सगळे बसूनच तुमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून आणि बेसमेंटच्या उतारावरून गाडी न्या. पार्किंगची जागाही मोजा, आरसे धरून. टायरमध्ये हवा किती भरायची ते चालकाच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो.

अंधार पडताना निघालात तर हेडलाइटही तपासता येतात. मागे वजन आलं की नाक वर उठतं, लो बीम समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याला जवळचा रस्ता कमी दिसतो. लाइट खालीवर करायची फिरकी आहे की ते काम आपोआप होतं, ते बघा. फिरकी असेल तर माणसं भरल्यावर ती वापरायची असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

एडास, म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या मदतीने इशारा देणारी व गरज पडल्यास ब्रेक मारणारी यंत्रणा, घेत असाल तर दोन गोष्टी विचारा. पुढच्या गाडीपासूनचं अंतर आणि इशाऱ्याची तीव्रता कमी-जास्त करता येते का, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तुमची निवड टिकते का. शहरात दुचाकी सतत आडव्या येतात. गाडी दर वेळी कचकन ब्रेक मारायला लागली की लोक वैतागून सगळंच बंद करतात. कॅमेरा समोरच्या काचेमागे असतो, त्यामुळे काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) करावं लागतं. विम्यात तो खर्च धरलाय का, हे लेखी घ्या. रडार पुढच्या भागात असतं. पुढे लोखंडी गार्ड लावाल तर ते आंधळं होऊ शकतं, आणि गार्ड बेकायदा आहेच.

डिझेलबद्दल थोडक्यात: रोजचं जाणं आठ-दहा किलोमीटरच्या ट्रॅफिकमधलं असेल तर घेऊ नका. धुराच्या नळीतल्या डीपीएफ या गाळणीत साठलेली काजळी जळायला एका वेगात पंधरा-वीस मिनिटं धावावं लागतं. ते मिळालं नाही की दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते.

जुना स्टॉक की पहिला लॉट?

नवं मॉडेल आलं की जुन्यावर सूट निघते. वर सांगितलेल्या तपासणीत तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी बदललेल्या नसतील तर जुनी गाडी खुशाल घ्या. पण विकताना ती जुन्या रूपाची म्हणूनच मोजली जाईल, तेव्हा सूट त्या हिशेबाने मागा. नवीच हवी असेल तर तीन-चार महिने थांबणं शहाणपणाचं. स्क्रीन अडकणं, कॅमेरा काळा पडणं या सॉफ्टवेअरच्या तक्रारी पहिल्या लॉटमध्ये जास्त असतात.

कोणतीही घेतलीत तरी नोंदणीआधी यार्डात जाऊन तीच गाडी बघा. फॉर्म २२ या कंपनीच्या प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना-वर्ष तपासा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. पाचही टायर एकाच सुमाराचे हवेत, स्टेपनी धरून. काचांवरचे वर्षाचे कोड जुळतात का ते बघा. एखादीच वेगळी असेल तर ती बदललेली असू शकते. ओडोमीटर पन्नास किलोमीटरच्या वर असेल तर ती गाडी कुठे फिरली ते विचारा. समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय उरलेले पैसे भरू नका, कारण एकदा नंबर पडला की ती गाडी बदलून मिळत नाही.