आदिवासी पर्यटनात नवीन येणाऱ्यांसाठी, माझ्या अनुभवातून

टुरिझमचा कोर्स झाला, आता आदिवासी समाजांसोबत काम करायचंय, सुरुवात कुठून करू असं बरेच जण विचारतात. मी प्रत्येकाला एकच सांगते, गावाने पर्यटनाला अजून हो म्हटलेलं नाहीये असं धरून चाला. आणि ते नाही म्हणू शकतात हे मनापासून मान्य असेल तरच या कामात या.

माझा पहिला प्रोजेक्ट सांगते. दोन आठवडे पायी फिरून मी जंगलातल्या एका वाटेचा नकाशा केला होता, मध्ये एक झरा, फोटोसाठी एकदम भारी जागा. बैठकीत नकाशा जमिनीवर पसरला, पुढे बसलेले पुरुष छान छान म्हणाले, मला वाटलं झालं काम. तेवढ्यात मागच्या एक आजी उठून आल्या, खाली बसल्या, झऱ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "इथून नाही." एवढंच. हात काही उचलेनात. मी कारण विचारणार तर शेजारच्या बाईने नुसती मान हलवून मला थांबवलं. ते कारण मला आजही माहीत नाही आणि ते मला कळलंच पाहिजे असंही नाही. नवी वाट लांबून वळसा घालून काढली आणि ते एजन्सीला पटवायला तीन मीटिंगा गेल्या, पण तो वळसा समजावून सांगणं हेच तर आपलं काम आहे ना.

उलुरू या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या खडकाचं उदाहरण मी नव्यांना नेहमी देते. 1985 मध्ये ती जमीन तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांना कागदोपत्री परत मिळाली, तरी पर्यटक खडकावर चढतच राहिले. कृपया चढू नका अशी विनंती अनंगू वर्षानुवर्षं करत होते आणि चढाई पूर्ण बंद झाली 26 ऑक्टोबर 2019 ला. म्हणजे नावावर जमीन असूनही 34 वर्षं. मालकी मिळाली म्हणजे शब्दाला किंमत मिळाली असं होत नाही, हे त्यातून नीट समजून घ्या.

वाचायला भरपूर आहे, पण निदान दोन गोष्टी वाचाच. संयुक्त राष्ट्रांचा 2007 चा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा, त्यात दबावाशिवाय, आधी आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेल्या संमतीबद्दल आहे, आणि 2012 चा ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातला लाराकिया जाहीरनामा, जो खास आदिवासी पर्यटनावरच आहे.

आता पैसा. यावर बोलायला नवीन लोक फार लाजतात आणि सगळं तिथेच बिघडतं. पेरूमध्ये इन्फिएर्नो गावाने 1996 मध्ये एका खासगी कंपनीशी पोसादा आमासोनास या लॉजसाठी 20 वर्षांचा करार केला, नफ्यातले 60 टक्के गावाला, 40 कंपनीला, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. मला त्यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण टक्केवारी चांगली असली तरी दर कोण ठरवतं, पाहुणे किती घ्यायचे हे कोण ठरवतं, हे गावाच्या हातात नसेल तर गाव नुसतं कामगार होऊन बसतं. न्यूझीलंडमधल्या काइकोउराला तर 1987 मध्ये तिथल्या माओरी कुटुंबांनी स्वतःची घरं तारण ठेवून व्हेल दाखवायचा धंदा उभा केला. इतकी जोखीम ज्यांनी घेतली त्यांना आपण बाहेरून जाऊन "ट्रेनिंग" द्यायचं म्हणजे आधी नीट ऐकून घ्यायला हवं.

वेळेचंही बघा. फंडिंग वर्षाचं असतं आणि गाव पेरणी, सण, मयत सगळं सांभाळून बसतं, त्यामुळे प्रपोजल लिहितानाच सहा महिने नुसते बैठकांसाठी मागा. नाही मिळाले तर काम छोटं करा, बैठका कमी करू नका. हिशोब ठेवायला शिका, फोटोशॉपपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नका.

आणि बैठकीचे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं त्याची नोंद, लिहिलेत की लगेच तिथेच, त्यांच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवा. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा लोकांनी दोन ओळी बदलायला लावल्या. मी लिहिलं होतं, गावाने होकार दिला. ते म्हणाले, "आम्ही बघू म्हणालो होतो. तसंच लिही."