कंपनीचा स्टिरिओ न काढता गाडीत अॅम्प कसा जोडायचा

कंपनीच्या स्टिरिओतली आयसी (आवाज वाढवणारी चिप) प्रत्येक स्पीकरला साधारण १५ ते २० वॉट आरएमएसच (म्हणजे सतत टिकणारी ताकद) देते, म्हणून आवाज चढवला की तो फाटतो. दारांतल्या चार स्पीकरसाठी ४ ओहमवर चॅनेलमागे ५० वॉट आरएमएस देणारा फोर-चॅनेल अॅम्प (अॅम्प्लिफायर) भरपूर झाला. खोक्यावरच्या 'मॅक्स' वॉटकडे बघू नका. मात्र अॅम्पला हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरींतूनच सिग्नल घेणारं) हवंच, कारण बहुतेक कंपनीच्या स्टिरिओंना आरसीए आउटपुट (अॅम्पसाठीचं वेगळं सिग्नल सॉकेट) नसतं.

सुरुवात बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढण्यापासून. पॉवर वायर किती जाड लागेल याचा हिशोब सोपा आहे: ४ × ५० म्हणजे २०० वॉट; क्लास एबी अॅम्पची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ३३० वॉट ओढले जाणार, आणि १३.८ व्होल्टला ते साधारण २४ अँपिअर होतात. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या ५ मीटरसाठी शुद्ध तांब्याची ८ गेज, म्हणजे सुमारे ८ चौरस मिमीची वायर पुरते. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ४ गेज (आकडा कमी, वायर जाड) घ्या.

बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज होल्डर लावा. हा फ्यूज वायरसाठी असतो, अॅम्पसाठी नाही. वायर कुठेही घासून बॉडीला टेकली तर याच्याशिवाय आग लागते. फ्यूज मात्र अगदी शेवटी घाला. इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट (वायर घासू न देणारी कडी) हवंच. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. अॅम्प स्क्रूने बसवायचा असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा, फ्लोअरखाली पेट्रोलची टाकी आणि पाइप असतात.

सगळ्यात जास्त तक्रारी अर्थच्या. अर्थ वायर पॉवर वायरइतकीच जाड आणि ४५ सेंमीपेक्षा आखूड असू द्या. बॉडीचा जाड पत्रा निवडा, रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने चमकणारं लोखंड दिसेपर्यंत घासा, क्रिंप केलेला (वायरवर दाबून बसवलेला) लग, म्हणजे धातूची कडी, बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका. गाणं मोठ्याने चालू असताना अॅम्पचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मल्टीमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड कच्चा आहे.

आता सिग्नल. स्टिरिओकडून स्पीकरला जाणाऱ्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट डीसी असतं. म्हणून स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडली की स्टिरिओची आउटपुट आयसी जळू शकते. स्पीकरच्या वायरी स्टिरिओमागेच कापा: स्टिरिओकडची टोकं अॅम्पच्या इनपुटला, अॅम्पचं आउटपुट स्पीकरकडच्या टोकांना. स्टिरिओ आणि अॅम्प एकाच वेळी स्पीकरला जोडलेले राहता कामा नयेत. प्लस-मायनस कळत नसेल तर सुट्या केलेल्या स्पीकरच्या वायरींना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस टोक जिथे आहे तीच स्पीकरची प्लस. एखादाच स्पीकर उलटा जोडला गेला तर बास पोकळ होतो, आणि लोक उगाच स्पीकरला दोष देतात.

बरेच अॅम्प तेच ६ व्होल्ट ओळखून आपोआप चालू होतात. तुमचा होत नसेल तर रिमोट वायर (अॅम्पला चालू-बंदचा इशारा देणारी) एसीसीच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनच्या, फ्यूजवरून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) घ्या. कायम चालू लाइनवरून घेतली तर बॅटरी उतरेल.

गेन ही आवाज वाढवायची खुंटी नव्हे. अॅम्प आत येणारा सिग्नल किती पट वाढवतो ते गेनने ठरतं, आणि तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायचा असतो. अॅम्पचे स्पीकर काढा, बास-ट्रेबल शून्यावर, बास बूस्ट बंद, गेन अगदी कमी. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून १००० हर्ट्झचा, शून्य डेसिबलचा टोन वाजवा. आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजत गेन हळूहळू वाढवा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५० × ४ = २००, म्हणजे १४.१ व्होल्टला थांबा. मग स्पीकर जोडून हाय पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झखालचा बास अडवणारा) ८० हर्ट्झवर लावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थ तपासा, नंतर पॉवर आणि सिग्नलच्या वायरी गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. इंजिन बंद असतानाही सतत 'हिस्स' येत असेल तर गेन जास्त आहे. अॅम्पवरचा प्रोटेक्टचा (बिघाड दाखवणारा) दिवा लागला तर स्पीकर एकेक करून काढा. ज्याने दिवा विझेल त्याची वायर बहुधा दारात चेपलेली असते. आणि आवाज वाढवला की बास गायब होत असेल तर स्पीकर वाचवण्यासाठी स्टिरिओच बास कापतोय. गेन वाढवून तो परत येणार नाही. त्यासाठी मध्ये बास परत भरून काढणारा कन्व्हर्टर किंवा डीएसपी (डिजिटल साउंड प्रोसेसर) लागतो.