एबीएसवाल्या बाइकला दुसरी चाकं बसवताना या चुका टाळा

चाक मोकळं फिरतंय, ब्रेक लागतोय, म्हणजे काम झालं, असं साध्या बाइकवर म्हणता येतं. एबीएसवाल्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या बाइकवर नाही. तिथे चाकाबरोबर खाचांची एक पोलादी रिंग फिरते. शेजारचा सेन्सर त्या खाचा मोजतो आणि त्यावरून कंट्रोल युनिट चाकाचा वेग ठरवतं. या मोजणीत खोट आली की एबीएस एकतर दिवा लावून बंद पडतं, नाहीतर दिवा न लावता भलत्या वेळी ब्रेक सैल करतं. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो कळतो तेव्हा समोर गाडी असते.

बिगर-एबीएस चाक उचलणं

भारतात १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सारखी मॉडेलं एबीएसशिवायही विकली गेली, त्यामुळे तसली चाकं जुन्या बाजारात मिळतात. बाहेरून ती सारखीच दिसतात, पण हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, रिंग बसवायची जागा नसते किंवा तिची उंची वेगळी असते. मग कोणी रिंग वेल्डिंगने चिकटवून देतो, कोणी वॉशर घालून. दोन्ही नको. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ रिंग वाकते, आणि वॉशरवरची रिंग बोल्ट सैल झाला की डुगडुगते.

पैसे देण्याआधी जुनं आणि नवं चाक सपाट टेबलावर शेजारी ठेवून व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मापं घ्या: एक्सलचं भोक, दोन्ही बेअरिंगमधलं अंतर, स्पेसरची (एक्सलवरच्या अंतर राखणाऱ्या नळीची) लांबी, बेअरिंगच्या तोंडापासून डिस्कची आणि रिंगची उंची. रिंगच्या उंचीत एक मिलिमीटरचा फरकसुद्धा खूप झाला. सेन्सर आणि रिंगमधली फटच बऱ्याच मॉडेलांत तेवढी असते.

रिंग बसली म्हणजे चालेल, असं समजणं

आधी खाचा मोजा. मूळ रिंग ५० खाचांची आणि नवी ४८ ची असेल, तर युनिटला ते चाक कायम चार टक्के हळू फिरताना दिसतं, म्हणजे सतत किंचित घसरताना. शक्यतो बाइकची मूळ रिंगच नव्या चाकावर घ्या. तिचे बोल्ट लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारं थ्रेडलॉक) लावून घट्ट केलेले असतात. हीट गनने थोडं तापवून मग अ‍ॅलन की लावा, नाहीतर बोल्टचं डोकं घासून गोल होतं. बसवताना जागा साफ करा, नवे बोल्ट आणि नवं थ्रेडलॉक वापरा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा, शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्या.

रिमचा आकार बदलणं

शोभेसाठी केलेला हा बदल एबीएसला सगळ्यात महाग पडतो. १००/९०-१९ टायरचा घेर साधारण २०८० मिलिमीटर, तर १००/८०-१७ चा १८६० च्या आसपास. पुढे १९ ऐवजी १७ इंची चाक घातलं, की युनिटला पुढचं चाक खऱ्या वेगापेक्षा सुमारे १२ टक्के जोरात पळताना दिसतं. त्या तुलनेत मागचं चाक घसरतंय असं मानून ते मागचा ब्रेक उगीच सोडू लागतं. टायर झिजल्याने पडणारा थोडा फरक यंत्रणा सांभाळून घेते, एवढा नाही. दिसण्यासाठी स्पोकऐवजी अलॉय घाला, पण व्यास आणि टायरचं माप मूळचंच ठेवा. स्पीडोमीटरही याच सेन्सरवर चालत असेल तर तोही चुकतो.

सेन्सर न काढता चाक ओढणं

आधी सेन्सरचा बोल्ट काढा, वायर क्लिपमधून सोडवा, मग एक्सलला हात लावा. सेन्सर जागीच राहिला तर एक्सल सुटताना चाक तिरकं होतं आणि रिंग त्याच्या तोंडावर आपटते. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) मोकळा असताना चुकून ब्रेक दाबला गेला तरी पॅड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये पुठ्ठा घाला.

टायर चढवताना चाक डिस्कच्या किंवा रिंगच्या बाजूने जमिनीवर टेकवू नका. पंक्चरवाल्याला हे आधीच सांगा आणि समोर उभे राहा. टायर लिव्हरचा एक दणका रिंगला पुरतो.

फट एकाच जागी मोजणं

एक्सल टॉर्कला आवळल्यावरच फट मोजा, त्याआधीचं माप निरुपयोगी. पितळी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, कारण लोखंडी पट्टी सेन्सरमधल्या चुंबकाकडे ओढली जाते. चाक फिरवत निदान चार ठिकाणी बघा. माप सगळीकडे सारखं पण जास्त असेल, तर स्पेसर उलटसुलट झालाय किंवा सेन्सरचा ब्रॅकेट आपल्या खाचेत बसलेला नाही. एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त असेल, तर रिंग वाकडी आहे किंवा तिच्याखाली कचरा अडकलाय. सेन्सरखाली शिम (पातळ चकती) घालून फट जुळवू नका, कंपनीने तशी सोय दिली असेल तरच. सेन्सरच्या तोंडावरचं ग्रीस आणि लोखंडी कीस कोरड्या फडक्याने पुसा.

वायर मूळच्याच वाटेने, मूळच्या क्लिपमधून न्या. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि सस्पेंशन दाबून पाहा: वायर ताणली जाऊ नये, डिस्कला घासू नये.

दिवा लागला की घाबरणं

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि बाइक थोडी पुढे गेल्यावर विझतो, हे बरोबरच आहे. डबल स्टँडवर गिअर टाकून नुसतं मागचं चाक पळवलं, तरी दिवा लागतो, कारण पुढचं थांबलेलं असतं. चावी बंद-चालू करून रस्त्यावर थोडं चालवा, मग ठरवा.

चालवूनही दिवा विझतच नसेल, तर आधी कनेक्टर आणि वायर तपासा. विझून पुन्हा लागत असेल, तर फट, खाचा आणि टायरचं माप. दिवा नाही, पण थांबता थांबता अगदी कमी वेगात लिव्हर हाताखाली थरथरते, तर एखादी खाच वाकलेली किंवा बुजलेली असते, किंवा फट जास्त असते. अशी बाइक वापरू नका, चाक पुन्हा उतरवा.