अर्पणाची थैली आणि क्यूआर कोड

वेंगुर्ल्या-मालवणच्या बाजारात बांगडा माशांचा वाटासुद्धा आता मोबाईलवरून पैसे देऊन घेतला जातो, त्यामुळे चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, अर्पणाची थैली समोर आली की देण्याची इच्छा असूनही अनेकांचे पाकीट रिकामे असते. अशा चर्चने यूपीआयची सोय अवश्य करावी. मात्र सुरुवात कोडापासून नव्हे, खात्यापासून करावी.

क्यूआर कोड चर्चच्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यालाच जोडलेला असावा. खजिनदार कितीही सचोटीचा असला, तरी कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर त्याचे स्वतःचे नाव उमटले की देणाऱ्याचा अंगठा तिथेच थबकतो. कोड दारापाशी व बाकांच्या पाठीवर लावावा, खाऱ्या दमट हवेत कागद फुगतो म्हणून तो लॅमिनेट करून घ्यावा, आणि त्यावर कोणी दुसरा कोड चिकटवलेला नाही ना, हे दर रविवारी स्वतः स्कॅन करून पाहावे. दुकानात असते तशी रक्कम मोठ्याने पुकारणारी पेटी मात्र चर्चमध्ये आणूच नये. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये अशी शिकवण असलेल्या ठिकाणी ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ ही घोषणा पन्नास देणाऱ्याला ओशाळे करते आणि पाच हजार देणाऱ्याला नको तितके सुखावते.

दरमहा आपोआप रक्कम वळती करण्याची ऑटोपेची सोय नोकरदारांना सोयीची आहे. कोकणातल्या सगळ्यांच्या हाती पैसा महिन्याच्या हिशेबाने येत नाही, हे मात्र विसरू नये: जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मच्छीमाराला हप्त्याची आठवण करून देणे हा जुलूम ठरेल, आणि आंबा बागायतदाराला विचारायचेच असेल, तर हंगाम आटोपल्यावर मे महिन्याच्या अखेरीस विचारावे.

आखातातून येणाऱ्या पैशाबाबत आधी पारपत्र विचारावे. भारतीय नागरिकाने परदेशातील स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही; परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी मात्र परकीय योगदान नियमन कायदा, 2010 खाली येते. ती त्या कायद्यानुसार नोंदणी वा पूर्वपरवानगी असल्याशिवाय, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्याशिवाय, घेता येत नाही.

दान वाढते ते हिशेबाने, असे माझे मत आहे. ‘चर्चसाठी द्या’ असे मोघम आवाहन करण्यापेक्षा पावसाआधी कौले चाळायला किती खर्च येणार, किती जमले आणि किती कमी पडते, हे पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या भाविकांच्या, व्हॉट्सॲप गटावर नावे न देता दर महिन्याला कळवावे. काम झाल्यावर नव्या कौलांचा फोटो आणि बिलाची प्रतही तिथेच टाकावी.

थैली बंद करू नये. रुमालाच्या गाठीतून दहाची घडी घातलेली नोट काढून थैलीत सोडणाऱ्या आजीला मोबाईल शिकवायला जाऊ नये. तिची नोट मिस्सा संपताच दोघांनी मिळून मोजावी आणि यूपीआयच्या रकमेशेजारी त्याच वहीत लिहावी.