थकलेल्या जिवाने देवाच्या कृपेत विसावा कसा घ्यावा

सर्व कामे उरकल्यावरच विश्रांतीचा हक्क मिळतो, अशी आपली पक्की समजूत असते. कामे तर कधीच उरकत नाहीत. त्यामुळे मनापासून विश्वास ठेवणारी माणसेही वर्षानुवर्षे थकलेलीच राहतात. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, क्रम मात्र उलटा आहे. त्यातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस संध्याकाळपासून मोजला जातो, आणि सहाव्या दिवशी निर्माण झालेल्या मनुष्याला मिळालेला पहिला पूर्ण दिवस हा देवाच्या विसाव्याचा दिवस होता. तोवर त्या मनुष्याने काहीही कमावलेले नव्हते. हा क्रम आधी नीट समजून घ्यावा, कारण तो पटला नाही तर पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट डोक्यावरचे आणखी एक काम होऊन बसेल.

सुरुवात शरीरापासून करावी. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील एलीया संदेष्ट्याची हकिगत यासाठी सावकाश वाचावी. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून तो जीव वाचवायला पळाला, रानात एक दिवसाची वाट चालून गेला आणि एका झुडुपाखाली बसून, आता पुरे झाले, असे म्हणत त्याने मरण मागितले. देवाने त्याला तेव्हा बोल लावला नाही, की उपदेशही केला नाही. त्याला झोप लागली. देवदूताने स्पर्श करून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. खाऊन-पिऊन तो पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला पुन्हा उठवून खाऊ घातले. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर आला. खचलेल्या माणसाला आधी भाकर आणि झोप, प्रश्न मागाहून. हा देवाचा क्रम आपण स्वतःच्या बाबतीतही पाळावा.

म्हणून पहिल्या आठवड्यात लांबलचक प्रार्थनेचे संकल्प करू नयेत. झोपेची वेळ ठरवावी, एक जेवण तरी फोन दूर ठेवून करावे आणि रात्री राहिलेली कामे एका वहीत लिहून, ‘प्रभू, हे आता तुझ्या हाती’ असे म्हणून वही मिटावी. मी हे करू लागलो तेव्हा दिवा मालवल्यावरही हात पुन्हा वहीकडे जात असे. ती दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो तेव्हा कुठे झोप लागली. येशू वादळात, नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता, हे अशा रात्री आठवावे.

त्यानंतर ओझ्याला नाव द्यावे. ‘मन जड आहे’ एवढ्यावर थांबू नये. कोणाची भीती, कशाचा राग, कोणते दुःख, ते देवापुढे मोठ्याने बोलावे. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ वाचावे, ज्याची सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे आनंदाचा मुखवटा घालावा लागत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

विसावा सर्वांत जास्त अडतो तो अपराधीपणापाशी. केलेली चूक झोपेतही पाठ सोडत नाही, आणि मग माणूस जास्त सेवा, जास्त उपवास करून ती फेडू पाहतो. येथे योहानाच्या शुभवर्तमानातील दोन विस्तव शेजारी ठेवून पाहावेत. अठराव्या अध्यायात प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असलेला येशूचा शिष्य पेत्र, आपण येशूला ओळखत नाही, असे म्हणत त्याला नाकारतो. एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून, मासळी व भाकर मांडून त्याची वाट पाहत आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, आणि नव्या करारात तो अन्यत्र कोठेही येत नाही. येशू आधी न्याहारी देतो, मग तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’, आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर आपली मेंढरे सोपवतो. येशूने ती चूक झाकली नाही आणि तिची किंमतही पेत्राकडून मागितली नाही. आपणही आपला अपराध नेमक्या शब्दांत कबूल करावा, ज्याचे नुकसान झाले असेल त्याचे शक्य तेवढे भरून द्यावे, आणि क्षमा मात्र फुकट स्वीकारावी.

आठवड्यातला एक दिवस काम थांबवावे. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात शब्बाथाचे, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचे, कारण सृष्टीची निर्मिती हे दिले आहे, तर अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात मिसरातील दास्यातून झालेली सुटका; दासाला सुटी नसते, मुक्त माणसाला असते. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना, म्हणजे देवाने दिलेले रोजचे अन्न, मिळत असे, तसे आपणही आदल्या दिवशी आवरून ठेवावे. ज्यांना सुटीच्या दिवशीही कामावर जावे लागते किंवा घरी आजारी माणसाचे करावे लागते, त्यांनी अर्धा दिवस किंवा दोन तास निवडावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ असे बोलावणारा येशू विसाव्याबरोबर आपले जूही देतो, आणि ते सोयीचे असल्याचे सांगतो. म्हणून काही जबाबदाऱ्या उरतीलच. कोणती त्याने दिलेली आणि कोणती केवळ लोकांच्या अपेक्षेपोटी उचललेली, हे विश्वासातल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीबरोबर बसून निवडावे. झोप अनेक आठवडे उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. आणि प्रार्थनाच होत नसेल तर मंडळीला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे. लढाई चालू असताना आपल्या लोकांसाठी उंच धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याच्यासोबतच्या अहरोन व हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले.