कोल्हापुरात सीतेची वेणी फुलवताना

सीतेची वेणी लावायची असेल तर कुंडी आणि माती आधी बाजूला ठेवा. ही आमरी, म्हणजे ऑर्किड, झाडावर राहणारी आहे. मे अखेरीस दाजीपूरकडे किंवा आंबा घाटात गेलात की जांभळाच्या, आंब्याच्या, ऐनाच्या खरबरीत सालीवरून तिचे पांढरे-गुलाबी तुरे खाली लोंबताना दिसतात. एकेका तुऱ्यात शंभरावर फुलंसुद्धा असतात. आसामात हीच कोपौ. तिथे ती एप्रिलमध्येच फुलते आणि बिहूला बायका केसांत माळतात. आपल्याकडे काही जण मात्र तिला बांडगूळ समजून ओरबाडून काढतात, याचा मला फार राग येतो. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. ही फक्त सालीला धरून असते, झाडाचं काहीच घेत नाही.

जंगलातलं तिचं वर्ष नीट पाहिलं की निम्मी निगा आपोआप कळते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, पण मुळं उघडी असल्याने सर थांबली की वारा ती सुकवतो. थंडीत धुकं आणि दव, तेवढ्यावर भागतं. पुढे आसपासची झाडं पानं गाळतात, प्रकाश वाढतो, आणि त्या कोरड्या, उजेडाच्या दिवसांनंतर तुरे बाहेर पडतात.

म्हणून सागवानी पट्ट्यांची लटकती टोपली घ्या. तळाशी लोणारी कोळशाचे मोठे खडे, बस्स. नारळाचा भुसा आपल्या पावसाळ्यात ओला राहतो आणि मुळं कुजवतो, तो मी घालत नाही. मुळं टोपलीबाहेर लोंबू द्या, आत कोंबू नका. सुकं मूळ रुपेरी पांढरं असतं, कारण त्यावर स्पंजासारखं आवरण असतं. ते भिजलं की हिरवं दिसतं. पुन्हा पांढरं पडलं की पाणी द्यायची वेळ झाली, एवढंच घड्याळ पुरे. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या झळांत मी सकाळी भरपूर आणि संध्याकाळी हलकं असं दोनदा पाणी देते. पावसाळ्यात पावसाने उघडीप दिली तरच, आणि थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचू देऊ नये, शेंडा सडतो. म्हणून रोप थोडं कलतं ठेवते.

जागा पूर्वेची उत्तम. दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट हवी. पानं गर्द हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, आणि फूल येणार नाही. पिवळसर हिरवी असतील तर ठीक, पण करपल्यासारखे डाग पडले तर सावली वाढवा.

आपल्या ऊसपट्ट्यात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) कुठल्याही कृषी दुकानात मिळतं. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं आधी भिजवून, तेही नवी मुळं वाढताना. जास्त खताने मुळांची टोकं जळतात. पावसाळ्यात त्याच हिरव्या टोकांवर गोगलगायी येतात, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

अंगणात आंबा असेल तर याहून सोपं काही नाही. पहिल्या पावसानंतर, खोडाच्या पूर्वेच्या बाजूला, जुन्या सुती साडीच्या पट्टीने रोप बांधा. गाठ घट्ट हवी, कारण हललं तर मूळ धरत नाही. एका पावसाळ्यात ते सालीला चिकटतं.

रोप मात्र रोपवाटिकेतलंच घ्या, प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेलं. जंगलात तिचं धुळीसारखं बी ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. त्यामुळे तिथून काढलेल्या झाडाची जागा लवकर भरत नाही. शिवाय राधानगरी अभयारण्यातून झाड काढणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

टोपली कुजली तर मुळं सोडवत बसू नका. तीच टोपली मोठ्या टोपलीत ठेवा आणि मधल्या जागेत कोळसा भरा. मुळं दुखावली की पुढचं वर्षभर ती फुलायचं नाव घेत नाही.