स्त्रीवादी सिद्धांताचा अभ्यास करताना या चुका टाळा

एम.ए.ची मुलं, सेट-नेटची तयारी करणारे, यूपीएससीला समाजशास्त्र ऑप्शनल घेतलेले, सगळ्यांची तक्रार साधारण एकच असते. मॅडम, सगळ्या शाखा पाठ आहेत, उत्तर पण चार पानं लिहिलं, तरी मार्क येत नाहीत. मग मी ते उत्तर वाचायला घेते आणि पहिल्या पानावरच कळतं काय झालंय ते. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी अशी नावं एकाखाली एक, प्रत्येकीत दोन विचारवंत, तीन वैशिष्ट्यं, दोन मर्यादा, झालं. पण या शाखा एकमेकींशी भांडतायत कशावरून, हे कुठंच नाही. भांडण एकाच प्रश्नावर आहे, बाईच्या दुय्यमपणाचं मूळ नेमकं कुठंय? कायद्यात, मालमत्तेत, घरात, शरीरावरच्या ताब्यात, जातीत? हा प्रश्न डोक्यात ठेवून वाचलंत तर पाठांतर निम्म्यावर येतं.

आता चुका बघू, मला सगळ्यात जास्त दिसतात त्या.

लाट आणि शाखा एकच समजणं

"दुसरी लाट म्हणजे जहाल स्त्रीवाद" हे वाक्य मी किती वेळा खोडलंय त्याला हिशेब नाही. लाट हा स्त्रीवादी चळवळीचा काळ आहे, शाखा हे दुय्यमपणाचं स्पष्टीकरण आहे. अमेरिकेत दुसऱ्या लाटेत बेटी फ्रिडन पण आहे, जिचं पुस्तक 1963 चं आणि भूमिका उदारमतवादी, म्हणजे समान कायदे आणि समान संधी मागणारी, आणि केट मिलेट, शुलामिथ फायरस्टोन पण आहेत ज्यांची पुस्तकं 1970 ची आणि भूमिका जहाल. एकाच लाटेत दोन शाखा. उलटं पण आहे, उदारमतवादी शाखा एका लाटेत मावत नाही, ती मेरी वोल्स्टनक्राफ्टच्या 1792 च्या पुस्तकापासून, जॉन स्टुअर्ट मिलच्या 1869 च्या पुस्तकातून पुढं फ्रिडनपर्यंत येते.

'जहाल' शब्दाला फसणं

ही चूक खास मराठीतली आहे. आपण शाळेत मवाळ आणि जहाल शिकलेलो असतो, गोखले मवाळ, टिळक जहाल, त्यामुळं जहाल स्त्रीवाद म्हटलं की मुलं लिहितात आक्रमक, पुरुषद्वेष्टा, टोकाचा. मूळ रॅडिकल शब्द 'मुळाशी जाणारा' अशा अर्थाचा आहे. त्यांचं म्हणणं असं की मूळ पितृसत्तेतच आहे, ती भांडवलशाहीच्या पोटातून आलेली नाही, आणि तिचा कारभार चालतो लैंगिकता, बाळंतपण, हिंसा, लग्न या 'खाजगी' मानलेल्या ठिकाणी. खाजगी तेच राजकीय ही घोषणा इथूनच समजून घ्या. उत्तरात "मुळाशी जाणारा" एवढे दोन शब्द आले तरी तपासणाऱ्याला कळतं की हिनं किंवा ह्यानं वाचलंय.

मार्क्सवादी आणि समाजवादी एका परिच्छेदात कोंबणं

इथं जरा थांबूया, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि नोट्समध्ये पण हे दोन्ही बऱ्याचदा एकत्रच टाकलेलं असतं. ओळखायची सोपी खूण सांगते. स्वतःला विचारा, उद्या भांडवलशाही गेली तर बाईचं दुय्यमपण आपोआप जाईल का? मार्क्सचा सहकारी एंगल्स, त्याच्या 1884 च्या मांडणीत उत्तर बरंचसं हो कडे झुकतं, कारण त्याच्या मते खाजगी मालमत्ता आली, वारसा ठरवायला बाप कोण हे पक्कं हवं झालं, म्हणून बाईवर ताबा आला. मालमत्तेचा पाया गेला की ताबा सैल होणार. समाजवादी स्त्रीवादी म्हणतात असं होत नाही. हायडी हार्टमननं 1979 मध्ये हेच ठामपणे मांडलं, की मार्क्सवाद आणि स्त्रीवादाचं लग्न दुःखी आहे कारण लग्नात बायकोचं वेगळं अस्तित्व नवऱ्यात विरघळतं तसा त्यात स्त्रीवाद मार्क्सवादात विरघळून जातो, आणि पितृसत्तेला स्वतःचा भौतिक पाया आहे, तो म्हणजे बाईच्या श्रमावर पुरुषांचा ताबा. म्हणजे दोन व्यवस्था, एकमेकींना धरून चालणाऱ्या.

सिल्व्हिया वॉल्बी पण याच रांगेत वाचा. 1990 मध्ये तिनं पितृसत्तेच्या सहा रचना सांगितल्या, पगारी काम, घरातलं उत्पादन, राज्यसंस्था, हिंसा, लैंगिकता, संस्कृती. पण सहा नावं लिहून थांबू नका. तिचा खरा मुद्दा असा की पितृसत्ता घरातून बाहेर सरकते, एका नवऱ्याच्या किंवा बापाच्या ताब्याऐवजी नोकरीच्या बाजारात आणि सरकारी धोरणात ती पसरते. नोकरी लागली म्हणजे सुटलो असं नसतं, ते का हे यातून कळतं.

घरकामाचा मुद्दा "महत्त्वाचा आहे" म्हणून सोडून देणं

ॲन ओकलीनं लंडनमधल्या 40 गृहिणींच्या मुलाखती घेऊन 1974 मध्ये घरकामाला पहिल्यांदा 'काम' म्हणून समाजशास्त्रात नीट आणलं, आठवड्याला सरासरी 77 तास भरले. आणि आपल्याकडं 2019 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याच्या पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो आणि करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, उत्तर लगेच जमिनीवर येतं. याच ओकलीनं 1972 मध्ये लिंग आणि लिंगभाव वेगळे करून दाखवले, त्यामुळं मराठीत लिहिताना सरसकट 'लिंग' लिहू नका, शरीराचं ते लिंग आणि समाजानं घडवलेलं ते लिंगभाव.

जाता जाता, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सला स्त्रीवादी गटात टाकू नका. बाईची भावनिक भूमिका आणि पुरुषाची कमावती भूमिका ही वाटणी त्याला उपयुक्त वाटते, स्त्रीवादी टीका त्याच्यावरच आहे.

इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे बेरीज समजणं

"दलित + स्त्री + गरीब = तिहेरी शोषण" असं लिहितात. सुरुवात म्हणून ठीक, पण इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द मांडणारी अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ 1989 मध्ये वेगळंच सांगत होती, की वंश आणि लिंगभाव असे भेद एकमेकांत गुंतले की वेगळाच अन्याय तयार होतो. तिनं जनरल मोटर्सविरुद्धच्या 1976 च्या निकालाचं उदाहरण घेतलं. काळ्या बायकांची भरती उशिरा झालेली, त्यामुळं सीनिऑरिटीनं कपात झाल्यावर त्याच आधी बाहेर पडल्या. कोर्टानं वंश आणि लिंग असा एकत्र दावा मान्य केला नाही. कंपनीत बायका होत्या, पण गोऱ्या. काळे कामगार होते, पण पुरुष. काळी बाई दोन्हीकडच्या कायद्याच्या फटीतून खाली पडली. ही फट बेरजेनं दिसत नाही.

आपल्याकडं हे समजावताना मी कोयत्याचं उदाहरण देते, ते माझं नाही, बीडकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, तिची आई ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, हिशेब बघतो नवरा, आणि पहाटे काळोखात उठून चुलीवर भाकरी थापून मग फडात जाऊन मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत नेणारी बाई मजूर म्हणून कागदावर वेगळी दिसतच नाही. आता सगळ्या शाखा यावर धरून बघा. उदारमतवादी म्हणेल नोंदणी आणि वेगळी मजुरी द्या. मार्क्सवादी कारखाना आणि उचलीचं कर्ज दाखवेल. जहाल म्हणेल नवऱ्याचा तिच्या शरीरावरचा आणि श्रमावरचा ताबा बघा. समाजवादी या दोघांची गाठ दाखवेल. आणि दलित स्त्रीवादी विचारेल, की हे काम कुठल्या जातींच्या वाट्याला येतं आणि का. त्या विद्यार्थिनीनं हे सगळं दीड पानात लिहिलं होतं, मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं.

भारत शेवटच्या चार ओळीत उरकणं

याचं मला खरंच वाईट वाटतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री पुरुष तुलना' 1882 चं आहे, एंगल्सच्या पुस्तकाच्या दोन वर्षं आधीचं, आणि मराठी माध्यमात लिहिणारी मुलं पण तिला "भारतीय संदर्भ" या मथळ्याखाली शेवटी एका ओळीत टाकतात. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह वापरले जातात असं मांडलं, म्हणजे जात आणि बाईवरचा ताबा एकाच यंत्रणेचे भाग. उमा चक्रवर्तींनी 1993 मध्ये ब्राह्मणी पितृसत्ता, म्हणजे जात राखण्यासाठी बाईवर ठेवलेला ताबा, ही संकल्पना मांडली तेव्हा हाच धागा पुढं गेला. शर्मिला रेगे तर आपल्या पुण्याच्या विद्यापीठात शिकवत होत्या, 1998 मध्ये त्यांनी दलित स्त्रीवादी स्टँडपॉइंट, म्हणजे दलित बायकांच्या जागेवरून समाजाकडं बघणं, मांडला आणि सांगितलं की दलित बायकांचं वेगळं बोलणं फक्त 'वेगळेपण' म्हणून ऐकून बाजूला ठेवू नका, तिथून आख्ख्या समाजाचं ज्ञान नव्यानं उभं राहू शकतं. बिगरदलित बाईनंही तिथून विचार करायला शिकावं, असंही त्या म्हणाल्या, हा भाग नोट्समध्ये बहुतेक गळतो.

तेव्हा पुढचं उत्तर लिहाल तेव्हा ताराबाईंना पहिल्या पानावर आणा, एंगल्सच्या शेजारी, आणि रेगे आणि क्रेनशॉ एकाच परिच्छेदात.